विहिरीकाठचा आठवा दगड

माझ्या नोकरीतला निम्मा काळ बाटल्यांकडे बघण्यात गेला. नागपुरातल्या एका संशोधन संस्थेत, पाण्याच्या प्रयोगशाळेत मी कामाला होते. ऐकायला काम मोठं, करायला अगदी घरगुती. काचेच्या लहानशा बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. विहिरीचं, बोअरचं, नळाचं, ज्याचं असेल त्याचं पाणी तिच्यात रेघेपर्यंत भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि उबेला ठेवून द्यायचं. पाण्यात माणसाच्या पोटातली घाण मिसळली असेल तर दुसऱ्या दिवशी ते काळं होतं. नसेल तर होत नाही. वीज नको, यंत्र नको. म्हणूनच तर ही बाटली जगभरच्या खेड्यांत गेली, आणि ती वापरायला शिकण्यासाठी कुठकुठल्या देशांतली माणसं आमच्याकडे यायची.

सकाळी कपाट उघडायचं काम माझं. आदल्या संध्याकाळी सगळ्या बाटल्या सारख्या, पाणी नितळ. सकाळी दार उघडावं तर त्यांतल्या काही डांबरासारख्या काळ्या आणि शेजारच्या जशाच्या तशा. कारण मला माहीत होतं, मीच ते नव्या मुलींना समजावून सांगत असे. तरी दार उघडताना रोज मनात तेच यायचं. कुलूप मी लावलेलं, किल्ली माझ्या पर्समध्ये, आणि वाटायचं, कोणीतरी आत येऊन बाटल्यांवरून हात फिरवून गेलंय. ही घ्या, ही राहू द्या, असं म्हणत. हे मी ऑफिसात कधी बोलले नाही. हसले असते सगळे.

आमचं घर हुडकेश्वरला. आता तिथं फ्लॅटच फ्लॅट झालेत, पण माझ्या सासऱ्यांनी प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला शेतंच होती. सासरे सरकारी कचेरीत कारकून. मोठे नेटके गृहस्थ. सगळी वस्ती बाहेर जात होती तेव्हा त्यांनी मागच्या अंगणात पक्का संडास बांधला, खाली टाकं खोदलं. मग समोरच्या कोपऱ्यात विहीर. दोन्हींमध्ये आमचं अख्खं घर उभं, त्यामुळे कोणाला काही शंका यायचं कारणच नव्हतं. पुढे गल्लीत नळ आला, पण सासूबाई नळाच्या पाण्याला तोंड लावायच्या नाहीत. "ते पाईपात कुजते," म्हणायच्या. "आपल्या इहिरीचं पाणी गोड हाये."

गोड होतंच. मी मात्र स्वतःसाठी आणि पोरांसाठी पाणी उकळून ठेवायची. लग्न झालं तेव्हापासून त्यावरून आमची तू-तू मैं-मैं.

विहिरीच्या काठाला, घराकडच्या कट्ट्यावर, शेंदूर फासलेले सात दगड मांडलेले होते. या आसरा. पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. त्यांना हिरव्या बांगड्या, हिरवा खण, दहीभात. आमच्याकडच्या कितीतरी विहिरींवर असतात, त्यात नवल नाही. नवल होतं ते आठव्या दगडाचं. सातांच्या शेजारी, थोडा अलीकडे, मुठीएवढा एक दगड होता. त्याला शेंदूर नव्हता, हळद होती. आणि त्याच्यापुढे ज्या बांगड्या ठेवलेल्या असत त्या माझ्या दोन बोटांतही गेल्या नसत्या, एवढ्या लहान.

नवी नवरी असताना मी विचारलं होतं, "आई, हा कोणाचा?"

"माह्या पोरीचा," सासूबाई म्हणाल्या.

माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. चालायला लागली होती, बोबडं बोलायची. एका पावसाळ्यात तिला हगवण लागली. डॉक्टर दूर, रस्त्यात चिखल. वस्तीतल्या एका जाणत्या बाईनं सांगितलं, आसरांची नजर बसली आहे, पोरगी त्यांना आवडली आहे. पोरगी गेली. सासूबाईंनी तिचा दगड बहिणींच्या शेजारी ठेवला. मेली असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. "त्यायनं नेली," म्हणायच्या. जशी एखादी मावशी भाचीला सुट्टीत घेऊन जाते तसं. दर वर्षी नव्या बांगड्या भरायच्या, पण माप तेच ठेवायच्या, कारण तिकडे ती वाढत नाही म्हणे. मला ते ऐकून काटा यायचा. आणि खरं सांगू, रागही यायचा. जिवंत पोरांना रागवायचं आणि दगडाशी लाडानं बोलायचं, हे काय? पण स्वतःला पोरं झाल्यावर तो राग गेला.

तर त्या वर्षी संस्थेत परदेशी पाहुण्यांचं प्रशिक्षण होतं. आफ्रिकेतल्या, आशियातल्या वेगवेगळ्या देशांतली माणसं. कोणी पाणीपुरवठ्यातला इंजिनिअर, कोणी आरोग्यसेविका. संडासाच्या टाक्यातलं पाणी जमिनीतून कुठं कुठं जातं ते कसं शोधायचं, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यासाठी एक रंग असतो. भुकटी तांबडी, पण पाण्यात पडली की हिरवीगार होते आणि उन्हात उजेड सांडावा तशी चमकते. विषारी नाही. ती संडासात ओतायची आणि आसपासच्या विहिरींवर नजर ठेवायची. रंग जिथं उगवेल तिथं घाणही पोचते, हे नक्की. आमच्या सरांना ज्याच्या घरी विहीर आणि टाकं दोन्ही आहे असं घर हवं होतं. मी म्हटलं, माझ्याकडे चला.

सासूबाई तेव्हा घरी नव्हत्या. नणंदेची दुसरी खेप होती, म्हणून त्या सावनेरला तिच्याकडे राहायला गेल्या होत्या. फोनवर सांगितलं, "आई, ऑफिसचे लोक विहीर पाहायला येऊन राहिले."

"येऊ दे. चहापाणी कर," म्हणाल्या. "आणि चपला घालून काठावर कोणी चढू नका म्हणाव."

पाहुणे आले. पाणी काढलं, बाटल्या भरल्या. सर संडासात रंग ओतून आले, बादल्यांनी पाणी सोडलं. तेवढ्यात पाहुण्यांतली एक बाई दगडांपाशी उभी राहिली. उंच, डोक्याला फुलाफुलांचं कापड बांधलेली. तिच्या देशात मोठं सरोवर आहे, त्याच्या काठच्या खेड्यांत ती आरोग्यसेविका होती. मला म्हणाली, "हे काय?"

मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. पाण्यातल्या बायका. त्या माणसं नेतात.

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. "आमच्याकडे पण आहे," म्हणाली. "एकटी असते. लहान मुलं नेते."

मागून दुसऱ्या एका देशातला माणूस बोलला, "आमची म्हातारी असते. तीही मुलंच नेते."

"केवढी मुलं?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

ती बाई म्हणाली, "अंगावर पितात तोवर नाही नेत. पाणी प्यायला लागली की नेते."

भर दुपार होती, ऊन मी म्हणत होतं. त्या बाईचं आणि माझं एकमेकींकडे बघणं झालं. तिला कळलेलं होतं. मला वाटतं तिला आधीपासूनच कळलेलं होतं, म्हणूनच ती एवढ्या दूर शिकायला आली होती. सरांना असल्या गप्पा आवडत नाहीत. "चला, पुढचं काम," म्हणाले. सगळे पुढच्या कामाला लागले. माझी नजर मात्र त्या हळदीच्या दगडावरून हटेना.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन कपाट उघडलं. आमच्या विहिरीच्या बाटल्या स्वच्छ होत्या. एकही काळी नाही. मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली. मग रंगाची वाट पाहिली. रोज सकाळी विहिरीत वाकून बघायची, बाटलीत पाणी धरून उन्हात फिरवायची. काही नाही. पाहुणे आपापल्या देशांना गेले, तरी काही नाही. सर म्हणाले, "रंग मातीत अडकला. तुमची विहीर पास."

मी सावनेरला फोन केला. "आई, तुमची विहीर पास झाली."

"मंग? मले काय सांगतं? मी तर कवाची सांगून राहिली," सासूबाई म्हणाल्या. खूश होत्या. त्याच दिवशी नणंदेला मुलगी झाली होती.

आता नवस उघडा झाला. सासूबाई आसरांना बोलल्या होत्या, की मुलगी झाली तर सव्वा महिन्यानं विहिरीवर आणीन आणि पाण्याचं पहिलं बोट तिला इथलं चाटवीन. आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिन्यानं विहीर पूजतेच, त्यात वेगळं काही नव्हतं. पण सासूबाईंच्या मनात वेगळं होतं. बाळाच्या हनुवटीवर तीळ होता. त्यांच्या त्या मुलीलाही तिथंच तीळ होता म्हणे. "त्यायनं माही पोरगी वापस देली," त्या नणंदेच्या सासूलाही सांगून आल्या. नणंद मला बाजूला घेऊन म्हणाली, "वैनी, आई लय दिवसांनी हसून राहिली. काही बोलू नका."

मी डॉक्टरांचं म्हणणं सांगून पाहिलं. एवढ्या लहान बाळाला पाण्याचा थेंबही द्यायचा नसतो, दूधच पुरतं. सासूबाई म्हणाल्या, "बोटभर पाणी हाये वं, हंडा नाही पाजून राहिली." विहीर पास आहे, एक बोट पाणी, जाऊ दे म्हटलं. म्हातारीला एवढं सुख मिळतंय तर आपण कशाला आडवं यायचं.

पूजेच्या आदल्या दिवशी घरात पाहुणे दाटले. विहिरीवरची मोटर सकाळपासून चालू होती. टाकी भरा, अंगण धुवा, पाहुण्यांच्या अंघोळी, भांडी. पुन्हा टाकी भरा. मला पूजेच्या दिवशी सुट्टी मिळाली नव्हती. बाटल्या मोजायच्या होत्या, दुपारपर्यंत येते असं सांगून मी ऑफिसला गेले. पूजा दुपारी होती.

मी कपाट उघडून उभी होते तेव्हा फोन वाजला. नणंद. मागे बायकांचा गलका.

"वैनी, लवकर या. इहिरीत आसरा आल्या."

"म्हणजे?"

"पाणी हिरवं झालं. हिरवंगार. चमकून राहिलं वं! सारी गल्ली जमा झाली. आई म्हणते आताच पूजा करतो, दुपारपर्यंत थांबाचं नाही."

फोन माझ्या हातात, समोर काळ्या बाटल्यांची ओळ. काय झालं होतं ते मला त्याच क्षणी कळलं. मोटर काल दिवसभर उपसत होती. पाणी खाली गेलं की विहीर आजूबाजूच्या जमिनीतलं ओढून घेते. खडकात कुठंतरी भेग होती, रंग तिच्यात येऊन थांबलेला होता. विहिरीनं त्याला बोलावलं आणि तो आला. "थांबव! तिला थांबव, बाळाला पाणी देऊ नको!" मी ओरडले, पण फोन कटला होता. पुन्हा लावला तर कोणी उचलेना.

ऑफिसपासून हुडकेश्वर म्हणजे गाव ओलांडून जायचं. मी स्कूटर कशी चालवली ते मला आठवत नाही. मानेवाड्याच्या सिग्नलला एकानं शिवी दिली तेवढी आठवते.

फाटकातून शिरले तर अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आणि सगळं शांत. एवढ्या बायका आणि आवाज नाही. विहिरीत ऊन शिरलं होतं आणि आतून हिरवा उजेड वर येत होता. खोटं नाही सांगत, वाकलेल्या बायकांच्या हनुवट्या, गालांखालचा भाग, नाकाच्या कडा हिरव्या दिसत होत्या. मला रंगाचं नाव माहीत होतं, कोणत्या बरणीत असतो ते माहीत होतं, तरी क्षणभर वाटलं, माझंच चुकतंय. यांचंच खरं असेल तर?

कोणी हिरव्या बांगड्या आणल्या होत्या, कोणी खण. ज्यांची पूजा झाली त्या तांब्यात पाणी भरून तीर्थ म्हणून घरी नेत होत्या. आमच्याकडे हिरवा म्हणजे सवाष्णीचा रंग, देवीच्या चुड्याचा. हिरवं पाणी पाहून कोण कशाला संडासाचा विचार करेल?

सासूबाई कट्ट्यावर बसल्या होत्या. मांडीवर बाळ. समोर वाटीत पाणी, हिरवं. त्या बाळाला सांगत होत्या, "तुह्याच बांगड्यायचा रंग हाये, माय. तू आली म्हणून पाणीबी नटलं." बोट वाटीत बुडालेलं होतं. मी बायकांना ढकलत गेले आणि त्यांचं मनगट धरलं. सुनेनं सासूचा हात धरला, आणि तोही सगळ्या गल्लीसमोर.

"सोड," त्या म्हणाल्या.

"आई, नका देऊ."

"सोड म्हणलं ना? पाह्य तिकडे, इहिरीत. आसरा सोता आल्या हायेत."

"आई, तो रंग आमच्या ऑफिसचा आहे." मी मोठ्यानं म्हटलं. "आम्ही आपल्या संडासात टाकला होता. तो तिथून विहिरीत आला."

कोणीतरी तोंडातलं पाणी थुंकलं. मग पलीकडच्या घरची एक बाई म्हणाली, "अव माय! देवाच्या पाण्यात संडास काहून आणला वं तू?"

माझं डोकंच फिरलं. "मी नाही आणला! तो येतच होता. इतकी वर्षं येतच होता, दिसत नव्हता. मी फक्त त्याला रंग दिला!"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. "तू तं म्हणे पास झाली इहीर."

"हो आई. म्हटलं होतं." दुसरं काय बोलणार? उन्हाळ्यातल्या एका दिवशीचं पाणी एका दिवशीचंच असतं. त्या दिवशी घाण आलेली नव्हती, म्हणून बाटली काळी झाली नाही. हे मी नव्या मुलींना शिकवायची, आणि घरच्या विहिरीच्या वेळी मलाच ते नको होतं.

त्यांनी बोट वाटीतून काढलं. पदराला पुसलं. पुन्हा पुसलं. बाळ नणंदेच्या हातात दिलं आणि कोणाशी न बोलता घरात गेल्या. बाळाच्या ओठाला पाणी लागलं नव्हतं. मी त्याचे ओठ, हात, दुपटं, सगळं तपासलं आणि तिथंच कट्ट्याला टेकून रडले.

मग घरोघर हिंडून तांबे परत घ्यायचं काम. ते मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येक घरी देवघरात, अंधाऱ्या कोपऱ्यात, कवडशात ठेवलेलं पाणी हिरवं उजळत होतं. काही बायकांनी मुकाट्यानं दिलं. काहींनी दार लावून घेतलं. एकीनं नातवाला चमचाभर पाजलं होतं. तिला सांगितलं, रंगानं काही होत नाही, पण जुलाब लागले तर मीठसाखरेचं पाणी द्यायचं, तेही उकळून गार केलेलं, आणि लगेच दवाखाना गाठायचा. पुढचे काही दिवस मी रोज त्या पोराला बघून यायची. त्याला काही झालं नाही, देवाची कृपा. संस्थेतले लोक त्याच दुपारी आले, गल्लीतल्या साऱ्या विहिरींचं पाणी घेऊन गेले. पुढे कोणाचं संडासाचं टाकं दुरुस्त झालं, कोणाची विहीर फक्त बागेपुरती उरली. आमच्या विहिरीवर जाळी बसली.

हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मी तांबे रिकामे करून घरात आले तर सासूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेल्या. त्याच बोलल्या.

"पावसाळ्यात जास्त येत असन ना, इहिरीत?"

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"माह्या पोरीले पावसाळ्यातच झालं होतं."

आणि मी खोटं बोलले. पटकन, विचार न करता. "आई, तेव्हा विहीर नवीन होती. तेव्हा पाणी चांगलंच असेल. तुमच्या मुलीचं कारण वेगळं."

त्यांनी मान हलवली. "पहिले संडास खोदला होता. मंग इहीर. तुह्या सासऱ्यानं त्याच खोदकामाच्या मुरमानं आंगण भरलं. मी सोता टोपले टाकले." मग म्हणाल्या, "तिले म्या अंगावरून तोडलं होतं. ते जाणती बाई म्हणे, आसरांचंच पाणी पाज, उतारा पडन. मी रातभर पाजत होती वं. चमच्या-चमच्यानं. ते जशी सुकत गेली, तशी मी जास्त पाजत गेली."

मला त्या सरोवराकाठच्या बाईचं वाक्य आठवलं. पाणी प्यायला लागली की नेते. किती देशांत, किती आया अशा चमच्यानं पाजत बसल्या असतील, आणि पाण्यातल्या बाईच्या नावानं बांगड्या भरत असतील. मी सासूबाईंना जवळ घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "तुम्हाला माहीत नव्हतं, आई. कोणालाच माहीत नव्हतं."

"आता माहीत झालं ना," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

त्यांनी नळाचं पाणी पातेल्यात घेतलं. ज्याला कधी तोंड लावलं नाही तेच. गॅसवर ठेवलं. मला वाटलं चहा करतायत. पण पाणी खदखदत राहिलं आणि त्या बघत उभ्या राहिल्या, बराच वेळ. मग झाकण ठेवून म्हणाल्या, "तुही ते बाटली आण. याची परीक्षा घ्याची हाये."

"आई, उकळल्यावर काही राहत नाही."

"तू तं इहीरबी पास म्हणे."

मी पर्समधून बाटली काढून दिली. पाणी निवल्यावर त्यांनी माझ्यासमोर ते रेघेपर्यंत भरलं, एक थेंब कमी नाही की जास्त नाही. विचारलं, उबेला ठेवायचं म्हणजे कुठं? मी म्हटलं, खेड्यात कपाट नसतं तिथं बाया पोटाशी बांधून ठेवतात. त्यांनी बाटली पदरात गुंडाळून कमरेला खोचली. जेवताना, निजताना ती तिथंच होती. कुशीवर झोपल्या तेव्हा त्यांचा हात तिच्यावर होता. बाळ त्याच खोलीत नणंदेजवळ होतं, पण त्या रात्री त्यांनी बाळाला घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबल्या. मग बाटली काढून दारातल्या उजेडात धरली. नितळ होती. त्यांनी ती मला दाखवली, नणंदेला दाखवली.

मग विहिरीवर गेल्या. पाणी अजून हिरवंच होतं. सात बहिणींकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आठवा दगड उचलला, घरात आणला आणि उकळून गार केलेल्या पाण्यानं ताटलीत धुतला. बाळाला न्हाऊ घालतात तसा, मागून, पुढून, तळहातावर पालथा घेऊन. हळद निघून गेली, खाली साधा काळा दगड होता. पदरानं पुसून त्यांनी तो आत देवघरात ठेवला, विहिरीपासून लांब. पातेल्यात उरलेल्या पाण्यात बोट बुडवलं आणि हलकेच दगडाला लावलं.

"घे माय," म्हणाल्या. "हे पाणी चांगलं हाये."